केझायाची साक्ष

इंग्लंड सोडून समुद्रापार आम्ही वसवलेल्या ॲशकॉटमध्ये घंटा नव्हती. घंटा इंग्लंडहून यायची होती, आणि इंग्लंडहून आमच्याकडे यायचे ते खिळे, कांबळी आणि तोंडं वासून बसलेली आणखी माणसं. म्हणून शब्बाथच्या, म्हणजे रविवारच्या, दिवशी सभाघराच्या पायरीवर उभा राहून मी शंख फुंकायचो. दक्षिणेच्या बेटांवरून कुण्या खलाशानं आणलेला तो शंख दोन ओंजळींएवढा मोठा होता. त्याला छाती लागते. दिवसभर फळ्या वाकवून पिंपं बनवणाऱ्या माणसाकडे ती असते, आणि गावात पिंपं बनवणारा मी एकटा, एनॉक पेल.

मी मंडळीतला माणूस होतो, पुढून तिसऱ्या बाकावर बसणारा. त्या बाकाचा मला गर्व होता. गर्व हे पाप आहे हे मी त्याच बाकावर बसून नऊ वर्षं ऐकत होतो.

सभाघरात सगळ्यांना यावंच लागतं, पण मंडळीत सगळ्यांना घेत नाहीत. देवाची कृपा आपल्यावर कधी आणि कशी झाली, हे आधी सगळ्यांसमोर सांगावं लागतं. ती साक्ष. ती ऐकून मंडळीतले पुरुष हात वर करतात, किंवा करत नाहीत. आणि बाप्तिस्मा मिळतो तो आई किंवा बाप मंडळीत असलेल्या मुलालाच. आजा मंडळीत असून भागत नाही.

माझी मुलगी केझाया मंडळीत नव्हती. तिचा नवरा ऑलिव्हर वेन, तोही नव्हता. मागच्या उन्हाळ्यात नदीच्या मुखाशी त्याची होडी उलटली आणि तो गेला. त्या वेळी केझाया दोन-तीन महिन्यांची गरोदर होती. भर हिवाळ्यात ती बाळंत झाली. दिवस भरण्याआधीच. मुलगी झाली. एवढीशी, माझ्या तळहातावर मावणारी. दूध ओढायचीही ताकद नव्हती तिच्यात. रडायची तर नाहीच, नुसतं तोंड उघडायची.

बाप्तिस्मा न होता गेलेलं लेकरू देवाच्या करारात धरलं जातं की नाही, हे पाळकसाहेबही छातीठोक सांगत नसत. मला ते छातीठोक हवं होतं. पाळकाला घरी बोलवून पाळण्यापाशी पाणी शिंपडून घ्यायची रीत आम्ही इंग्लंडातच सोडून आलो. जे व्हायचं ते शब्बाथला, सभाघरात, मंडळीसमोर. आणि पोरीचे किती शब्बाथ उरलेत, हे तिच्याकडे बघणाऱ्या कुणालाही कळत होतं.

"नाव काय ठेवायचं?" मी केझायाला विचारलं होतं.

"टॅमझिन," ती म्हणाली. "आईचं."

माझी टॅमझिन इथल्या पहिल्याच हिवाळ्यात गेली. मी उठून चुलीत लाकूड सारलं.

त्याच आठवड्यात मी केझायाला समोर बसवलं. "हे बघ पोरी, घाबरायचं काही कारण नाही. सगळे एकच सांगतात. आधी पापाची भीती. मग निराशा, चांगली महिना-दोन महिन्यांची. मग पवित्र शास्त्रातलं एखादं वचन मनात येतं. मग उजेड. उजेडानंतर परत थोडी शंका घालायची, म्हणजे माणूस फार शहाणा वाटत नाही."

"घालायची?"

"म्हणजे असते ती. पिंपासारखंच आहे गं. फळ्या, बूड, कडी. एक जरी नसलं तरी गळतं."

"पण बाबा, माझं असं काही झालंच नाही."

"सगळं सगळ्यांचं कुठं होतं?" मी म्हणालो, आणि लगेच जीभ चावली. तिनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या आईची नजर. तिच्यासमोर खोटं बोलताना मला नेहमी खोकला यायचा.

"काहीतरी झालंय माझं," थोड्या वेळानं ती म्हणाली. "पण ते तुमच्या फळ्यांत बसत नाही."

"मग ते राहू दे बाजूला. लेकराकडे बघ."

ती लेकराकडे बघत राहिली. बोलली नाही. मी त्याला होकार समजलो. आपल्याला हवं ते समजण्यात माझा हात धरणारा गावात कुणी नव्हता.

बाईनं सभाघरात तोंड उघडायचं नाही, ही आमच्या मंडळीची रीत. बायकांची साक्ष पाळकसाहेब घरी लिहून घेतात आणि शब्बाथला स्वतः वाचतात. केझाया लेकराला सोडून जाऊ शकत नव्हती, म्हणून मीच गेलो. स्टॅनवुड पाळकसाहेब थकलेले, कानानं अधू, बोटं थंडीनं सुजलेली. मी सांगत गेलो, ते लिहीत गेले. भीती, निराशा, वचन, उजेड, चिमूटभर शंका. मधे एकदा लेखणी थांबवून त्यांनी विचारलं, "हे तिचेच शब्द, बंधू पेल?"

"तिच्याच तोंडचे," मी म्हणालो. आणि खोकलो.

त्या शब्बाथला थंडी अशी होती, की शंख ओठांना चिकटला आणि सोडवताना कातडी निघाली. रक्त गिळून मी बाकावर जाऊन बसलो. सभाघरात चूल नाही. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला, आणि सगळ्यांच्या तोंडातून वाफ. कुत्री मालकांच्या पायांवर पसरलेली, त्या उबेसाठीच त्यांना आत येऊ देतात. केझाया बायकांच्या बाजूला मागे बसली होती. लेकरू बीव्हरच्या केसाळ कातड्यात गुंडाळून तिनं छातीशी धरलं होतं.

प्रार्थना झाली. वाळूचं घड्याळ उलटं झालं. पाळकसाहेबांनी कागद उघडला आणि वाचायला लागले, "मी, केझाया वेन, लहानपणापासून पापाच्या भाराखाली..."

"थांबा, पाळकसाहेब. ते माझं नाही."

केझाया उभी होती.

बाकं करकरली. एक कुत्रं भुंकलं. डीकन गॅड्सबी उठले. मंडळीचा कारभार तेच बघत, आणि तो त्यांच्याशिवाय कुणालाही जमणार नाही असं त्यांचं मत होतं. "बाई, खाली बस! कुठं आहोत याचं भान आहे का?"

"आहे, डीकनसाहेब. म्हणूनच उभी राहिले."

पाळकसाहेबांनी कागद खाली ठेवला. "हे तुझं नाही, तर कुणाचं?"

"ते मी नाही सांगणार. माझं काय आहे ते सांगू का?"

वेड्या पोरी, बस, मनातल्या मनात मी ओरडत होतो, बस खाली, घालवलंस सगळं! पाळकसाहेबांनी कानामागे हात धरला. "सांग. पण मोठ्यानं सांग, मला कमी ऐकू येतं."

"कबुतरं आली तो दिवस सगळ्यांना आठवत असेल," केझाया म्हणाली.

कुणाला आठवणार नाही? मका काढायचे दिवस होते. सकाळी उत्तरेकडून कबुतरांचा थवा आला आणि आकाश बंद झालं. टेकडीवरून ती इतकी खालून जात होती, की उंच काठी फिरवली की चार-पाच पडायची. सगळं गाव काठ्या घेऊन शेतात उतरलं. संध्याकाळपर्यंत आम्ही मारत होतो आणि ती संपत नव्हती. पिंपांत खारवलेली कबुतरं हिवाळाभर आम्ही खात होतो, आणि आता त्यांच्या वासानंच पोरं पळत सुटायची.

"ऑलिव्हर जाऊन महिना झाला होता," ती सांगत होती. "त्या दिवशी सकाळी मी ठरवलं होतं की नदीत जायचं. कुणाला संशय येऊ नये म्हणून काठी घेऊन सगळ्यांबरोबर शेतात आले. वाटलं, गडबडीत निघून जाता येईल."

मी समोरच्या बाकाची कड धरली. एकाच छपराखाली राहत होतो आम्ही. एका भांड्यातली मक्याची लापशी खात होतो. मला काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं.

"मग ती आली. आधी वारा वाटला. मग उजेड गेला. मी वर बघितलं. थरावर थर, थरावर थर, आणि सगळी एका दिशेनं. त्यांच्या पंखांचा वारा तोंडाला लागत होता. मला वाटलं, आता संपतील. नाही संपली. मी मोजायला लागले. मग मोजणं सुटलं. आणि मनात आलं, की हे सगळं कुणीतरी मोजतंय. त्यातलं एक न् एक. कुठलं दमलंय, कुठलं मागे पडलंय, सगळं त्याला माहीत आहे. आणि त्याला घाई नाही. पाळकसाहेब, मला इतकी भीती वाटली, की हातातली काठी पडली. पण तिथून हलावंसं वाटेना. माझं दुःख होतं तेवढंच होतं. काही कमी झालं नाही. पण ते ठेवायला जागा मिळाली. एवढी मोठी जागा मी कधी पाहिली नव्हती."

ती थांबली. तिनं कातड्याच्या आत बघितलं.

"आणि तेव्हाच ही पोटात पहिल्यांदा हलली."

बायकांच्या बाकांवर कुणीतरी दचकून श्वास आत ओढला. असलं आमच्या सभाघरात कुणी कधी बोललं नव्हतं. डीकन गॅड्सबींचा चेहरा बीटासारखा लाल झाला.

"बाबा ओरडत होते. काठी चालव, बघत काय उभी राहिलीस, म्हणून. मला त्यांचं तोंड हलताना दिसत होतं. ऐकूच येत नव्हतं काही." तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. "मग मी नदीकडे गेले नाही. एवढंच आहे माझं."

"वचन कुठलं आठवलं?" डीकननी विचारलं.

"कुठलंच नाही."

"पापाची क्षमा झाल्याची खात्री कधी पटली?"

"नाही पटली. मी देवानं निवडलेल्यांतली आहे का, मला माहीत नाही, डीकनसाहेब. तो आहे, एवढं माहीत आहे. आणि त्याला सोडून मला कुठं जाता येणार नाही. नदीतसुद्धा नाही."

"कबुतरं सगळ्यांनीच पाहिली!" डीकन मंडळीकडे वळले. "नदीपलीकडच्या जंगलातल्या लोकांनीही पाहिली, आणि त्यांनी तर प्रभूचं नावही ऐकलेलं नाही. मीही पाहिली. पाहिली आणि खाल्ली. ही काय साक्ष झाली?"

पुरुषांच्या बाकांवर दोन-तीन माना हलल्या. पाळकसाहेबांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. "या स्त्रीबद्दल कुणाला काही सांगायचं आहे?"

नुसती घड्याळातली वाळू पडत होती. मला एवढंच कळत होतं की मी गप्प राहिलो तर पोरीचा निकाल लागल्यात जमा आहे, आणि बोललो तर माझा. कदाचित दोघांचाही, कारण लबाडाच्या लेकीवर कोण विश्वास ठेवणार? इतक्यात मागून आवाज आला. रडणं नव्हे. दारातल्या फटीतून वारा यावा तसला. माझी नात तोंड उघडून रडायचा प्रयत्न करत होती.

मी उभा राहिलो.

"तो कागद माझा आहे," मी म्हणालो. "तिनं त्यातला एक शब्द सांगितला नाही. मी घरी बसून जुळवलं आणि पाळकसाहेबांना तोंडावर खोटं सांगितलं."

"बंधू पेल!" डीकन म्हणाले.

"थांबा, अजून आहे. ते शब्द माझेही नाहीत. येताना जहाजावर एक म्हातारा विणकर होता, तापानं फणफणलेला. माझ्याशेजारी पडून त्यानं त्याच्यावर झालेली कृपा मला सांगितली. रडत रडत सांगितली. जमीन दिसायच्या आधी तो गेला, आम्ही त्याला समुद्रात सोडला. त्याची साक्ष बेवारस पडली होती. मी घेतली. नऊ वर्षांपूर्वी इथं उभं राहून तीच माझी म्हणून सांगितली आणि तुम्ही सगळ्यांनी हात वर केले. डीकनसाहेब, तुमच्या तर डोळ्यांत पाणी आलं होतं."

कुणी हसलं नाही. मलाही हसू आलं नाही.

"कबुतरांच्या दिवशी मी हिच्यापासून वीस पावलांवर होतो. तेच आकाश होतं. मी वर बघितलं आणि मला पिंपं दिसली. माझ्याकडे अकरा होती आणि मला हळहळ वाटत होती की वीस का नाहीत. माझी पोर तिथं मरायला आली होती आणि मी तिला आळशी म्हणत होतो. देवानं दिवसभर त्याचं ऐश्वर्य माझ्या डोक्यावरून नेलं, आणि मी त्याला मीठ लावलं. एवढंच सांगायचं होतं."

मी खाली बसलो.

पाळकसाहेबांनी माझा तो कागद घेतला, चार घड्या केल्या आणि शास्त्राच्या जाड पुस्तकाखाली सारला. "इथं उभं राहून मी पुष्कळ साक्षी ऐकल्या," ते म्हणाले. "सगळ्यांना खात्री असते. खात्री नाही आणि तरी देवाला सोडवत नाही, असं माणूस मला फार दिवसांत भेटलं नव्हतं." त्यांनी डोळे पुसले, ते थंडीनं होतं की कशानं, मला माहीत नाही. "केझाया वेनला मंडळीत घ्यावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा."

एक हात वर झाला. मग दोन. मग लोहाराचा, मग गिरणीवाल्या दोघा भावांचा. डीकन गॅड्सबी हाताची घडी घालून बसले होते. त्यांच्याकडे बघून अर्धे हात खालीच राहिले होते. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं डीकनीणबाई खोकली. तिला सर्दी नव्हती. परत एकदा खोकली, जरा जोरात. डीकनचा हात वर गेला आणि त्याच्यामागे उरलेले हात.

माझाही हात वरच होता. किती वेळ होता कुणास ठाऊक.

"एनॉक पेल," पाळकसाहेब हळू आवाजात म्हणाले, "तुमचा हात खाली घ्या."

मी घेतला. 'बंधू' म्हणाले नाहीत, तेही ऐकलं.

लेकराची अवस्था बघून बाप्तिस्मा त्याच दुपारच्या सभेत करायचं ठरलं. मंडळीत न घेतलेले लोक बसतात त्या शेवटच्या बाकावर मी माझी टोपी नेऊन ठेवली. तिथं जोनास टर्क नावाडी बसायचा. त्याच्या अंगाला बियरचा वास यायचा. तो सरकला. "ये एनॉक, ये. इथं वारा जास्त लागतो, पण झोप झकास लागते."

दुपारी बोलवायची वेळ झाली तेव्हा डीकननी शंख उचलला. असल्या माणसाच्या तोंडानं देवाच्या घरी बोलावणं जाणं बरं नाही, असं ते म्हणाले. त्यांनी गाल फुगवले आणि फुंकलं. गोठ्यातल्या आजारी गाईनं उसासा टाकावा तसं काहीतरी निघालं. परत फुंकलं. या वेळी तेवढंही नाही. पायरीवर जमलेली माणसं बुटांवरचं बर्फ फार बारकाईनं झटकायला लागली.

पाळकसाहेब दारातून बघत होते. "शंख फुंकणाऱ्याचं तारण झालेलंच असावं, असं शास्त्रात कुठं लिहिलंय का, डीकन? मला तरी सापडलं नाही. द्या त्यांना."

मी शंख घेतला. ओठांची जखम उघडी होती. नऊ वर्षं मी फुंकत होतो आणि प्रत्येक वेळी गावाला ऐकू जावं म्हणून फुंकत होतो. त्या दुपारी मी कुणाला ऐकवत होतो मला माहीत नाही. आवाज गोठलेल्या नदीवरून गेला, पलीकडच्या जंगलात गेला, आणि परत आला तेव्हा माझ्या अंगावर काटा उभा राहिला. एवढ्याशा पोरीला बोलावत होतो मी. माझ्या बायकोच्या नावाच्या पोरीला.

आत कथलाच्या कटोऱ्यात पाणी ठेवलं होतं. पाळकसाहेब त्यात हात घालायला गेले तर टक् असा आवाज झाला. पाणी गोठलं होतं. त्यांनी सुजलेल्या बोटांनी दोनदा ठोकलं. मग मान वर करून शेवटच्या बाकाकडे पाहिलं.

मी शंख घेऊन पुढे गेलो. सगळ्यांच्या मधून, माझ्या जुन्या बाकावरून. शंखाच्या टोकानं बर्फावर घाव घातला. बर्फ फुटलं आणि त्याच्या खालून काळंभोर, जिवंत पाणी वर आलं. मी बाजूला झालो आणि मागे येऊन उभा राहिलो.

केझायानं कातडं बाजूला केलं. पाळकसाहेबांनी ओंजळ भरली. "टॅमझिन," ते म्हणाले, आणि पुढचे शब्द म्हणाले, आणि बर्फाचं पाणी त्या एवढ्याशा कपाळावर पडलं.

आणि ती रडली. तीन आठवडे जिला तोंड उघडण्यापलीकडे काही जमलं नव्हतं, ती अशी रडली की कुत्री उठून उभी राहिली. सभाघराचं छप्पर भरून गेलं. एवढ्या जिवात एवढा आवाज कुठून आला? कुणी ठेवला होता? मी बघत होतो. मला वचन आठवलं नाही. उजेड वगैरे काही दिसला नाही. फक्त मी फार छोटा झालो होतो, आणि भीती वाटत होती, आणि तिथून हलावंसं वाटत नव्हतं.

टॅमझिन जगली. आता चांगली सात वर्षांची आहे आणि खारवलेलं कबूतर दिसलं की ताट ढकलते. मी अजून शेवटच्याच बाकावर बसतो.

त्या दिवशी सभा सुटल्यावर जोनास टर्क मला दंडाला धरून बाहेर घेऊन आला. "काय रे, झालं काय तुला?" तो म्हणाला. "स्तोत्र झालं, प्रवचन झालं, घड्याळ दोनदा उलटलं, आणि तू उभाच. पाळकसाहेबांनी हातानं खुणावलं, मी कोट ओढला. चार वेळा म्हणालो, एनॉक, खाली बस."

मला ऐकूच आलं नव्हतं.